फक्त मधलं काढलं

गाडी शिकवताना मास्तरांचे दोन्ही हात गुडघ्यांवर असत. पाय आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर, नजर रस्त्यावर आणि हात वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखे गुडघ्यांवर. शिकणाऱ्या बाईने गाडी फुटपाथवर चढवली तरी ते तिथून हलत नसत. काय करायचं ते पाय करी. या धंद्यात गिअर दाखवायच्या निमित्ताने हातावर हात ठेवणारे कमी नाहीत आणि ते सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे आया आपल्या मुलींना आणि सासवा आपल्या सुनांना डोळे मिटून मास्तरांकडे पाठवत. ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर नाव आणि फोन नंबर एवढंच होतं. बाकीची जाहिरात ते दोन हात करत.

बोलणंही तसंच. "क्लच सोडा... हळू... अजून हळू. स्टेअरिंगला लटकू नका, गाडी पळून जात नाही." भर चौकात गाडी बंद पडून मागे हॉर्नचा गिल्ला झाला की म्हणत, "वाजवू द्या. आपला हॉर्न चालतो की नाही ते तपासून घेतायत बिचारे."

हा सगळा संयम गाडीतच खर्ची पडे. घरी येईपर्यंत शिल्लक काही राहत नसे. किल्ली जागेवर नाही, फोन उशिरा उचलला, खिडकी उघडी राहिली, एवढ्यावरून मास्तर असे ओरडत की खालच्या मजल्यावरचा शिंपी मशीन थांबवून वर बघे. हात मात्र त्यांनी घरातही कधी उचलला नाही. त्यांच्या वडिलांनी तो उचललेला त्यांनी लहानपणी पाहिला होता, आणि आपण तसे झालो नाही याचा त्यांना एवढा अभिमान होता की आवाजाकडे लक्ष द्यायचं राहूनच गेलं.

अर्ध्या शहरातल्या बायकांना गाडी शिकवणाऱ्या या माणसाच्या बायकोला गाडी येत नव्हती. गल्ली तिला मास्तरीणबाई म्हणे. लग्नानंतर एका रविवारी मास्तरांनी तिला शिकवायला घेतलं होतं. चौकात गाडी पुन्हा पुन्हा बंद पडली आणि मास्तर गरजले, "आंधळी आहेस का? तुझ्यापेक्षा गाढवाला लवकर येईल!" तिने हँडब्रेक ओढला, किल्ली काढून नवऱ्याच्या मांडीवर ठेवली, दार उघडलं आणि उभ्या गाड्यांमधून वाट काढत चालत घरी गेली. त्यानंतर ती पुढच्या सीटवर बसलीच नाही. दोघं कुठे निघाली की मास्तर पुढे एकटे, ती मागे.

"मास्तरीणबाईंनी ड्रायव्हर ठेवलेला दिसतोय," असं कुणी म्हटलं की ती म्हणे, "हो, चालवतो बरा. पण फार बोलतो."

ड्रायव्हिंग स्कूलचा फोन तीच घेई. कुणाला कोणती वेळ, कोण आज येणार नाही, कोणाची परीक्षा कधी, सगळं तिच्या डोक्यात असे.

त्यांना एकच मुलगी. बारावी झाल्यावर तिने विद्यापीठात चित्रपट आणि दूरचित्रवाणी शिकायचं ठरवलं, तेव्हा मामाने नाक मुरडलं. "तीन वर्षं शिकून काय करणार? लग्नाचे व्हिडिओ?"

"काढेल लग्नाचे," मास्तर म्हणाले. "तुझ्या लग्नाचा व्हिडिओ कुणीतरी शिकलेल्याने काढायला हवा होता. अख्ख्या कॅसेटमध्ये नुसते पंखे दिसतात."

प्रवेश पक्का झाला.

हा विभाग विद्यापीठाच्या मागच्या अंगाला, पूर्वी छापखाना होता त्या इमारतीत होता. भिंतींना शाईचा वास अजून होता. तळमजल्यावर टीव्हीचा स्टुडिओ, तीन कॅमेरे, काचेपलीकडे नियंत्रण कक्ष. वर संकलनाच्या खोल्या, खिडक्यांना काळा कागद लावलेल्या. पहिल्या वर्षी मुलं स्टुडिओत खोट्या बातम्या वाचत. एक जण बातमी वाची, तिघे कॅमेऱ्यामागे, आणि आता कुठला कॅमेरा दाखवायचा ते काचेपलीकडचा ओरडून सांगे, "दोन वर जा, दोन!" मुलगी घरी येऊनही तशीच बोलू लागली. "बाबा, फ्रेममधून बाजूला व्हा." "आई, ताट ठेवतेस ते परत एकदा ठेव ना."

"जेवायला बसलोय का शूटिंगला?" मास्तरीणबाई विचारी.

त्या वर्षीचा एक स्वाध्याय घरात फार गाजला. एकच निर्विकार चेहरा घ्यायचा आणि त्याच्या आधी वेगवेगळी चित्रं लावायची. मुलीने चेहरा मास्तरांचा घेतला. ते भिंतीकडे बघत होते, मनात काहीच नव्हतं. आधी रिकामी खुर्ची दाखवली तर मास्तर शोकात बुडालेले वाटले. आधी वाफाळणारी ताटली दाखवली तर भुकेलेले. आधी गाडीचं चेपलेलं दार दाखवलं तेव्हा मास्तरीणबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अगदी असेच दिसतात! हुबेहूब!" मास्तरही हसले. आपल्या तोंडावर एवढे भाव आहेत हे त्यांना नवीनच होतं. पुढचे कितीतरी दिवस ते शिकायला येणाऱ्या बायकांना ही गोष्ट सांगत होते.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एका जिवंत माणसावर छोटी फिल्म करायची होती. तिच्यावर पदवीचे सगळ्यात जास्त गुण. मुलीने आई निवडली. नाव ठेवलं, 'मागची सीट'.

"माझ्यावर काय फिल्म करायचीय?" मास्तरीणबाई म्हणाली. "मी फोन उचलते."

"तेच," मुलगी म्हणाली.

मुलाखतीच्या दिवशी मास्तरांना बाहेर काढलं. "तुम्ही असलात की आई मोकळं बोलत नाही." मास्तर वर्ग घ्यायला गेले. मुलीच्या वर्गातला एक ध्वनिमुद्रक पोरगा आला होता. त्याचे हेडफोन कायम गळ्यात, म्हणून वर्ग त्याला 'कान' म्हणे. त्याने मास्तरीणबाईच्या पदराला इवलासा माइक लावला, वायर आतून फिरवली आणि काम सुरू झालं.

संध्याकाळी मास्तर घरी आले तर बायको खुशीत होती.

"काय काय विचारलं?"

"विचारलं काहीबाही. बाबा कधी हात उचलतात का म्हणे!"

मास्तरांचा हात चहाच्या कपावर थबकला. "हे विचारलं? आणि तू काय सांगितलंस?"

"मी हसलेच. म्हटलं, छे ग, हात कशाला? आवाजच पुरतो!"

मास्तर हसले, जरा उशिरा. विनोद त्यांच्यावरच होता, पण चांगला होता.

विभागात संकलन शिकवणारे एक सर होते. मुलं त्यांना मानत. त्यांचा एक नियम होता आणि तो दर बॅचच्या तोंडी बसलेला असे: शब्द काढा, चेहऱ्यावर विश्वास ठेवा. माणूस बोलून झाल्यावर गप्प बसतो तेव्हा खरी फिल्म सुरू होते, असं ते म्हणत. मुलगी महिनाभर काळा कागद लावलेल्या खोलीत बसली. घरी झोपायला तेवढी येई. मास्तर विचारत, "काय ठमाबाई, झाली का फिल्म?" ती म्हणे, "कमी करतेय, बाबा. अजून कमी व्हायला हवी."

वर्षअखेरच्या खेळाला मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून गेले. मास्तरीणबाई शेजारी. सभागृह भरलेलं. फिल्म सुरू झाली आणि पहिल्याच दृश्यात त्यांची गाडी आली, छतावरच्या पाटीसकट, नंबरासकट. मास्तरांनी बायकोला कोपराने ढोसलं. मग फोन वाजला, पडद्यावरच्या मास्तरीणबाईने उचलला, वेळ सांगितली, ठेवला; पुन्हा वाजला. मग चालत्या गाडीत मागच्या सीटवर ती, खिडकीबाहेर बघणारी, आणि आरशात मास्तरांच्या कपाळाचा तुकडा. हे सगळं चांगलं होतं. मास्तरांना गाडीतलं कळत होतं तेवढं फिल्ममधलं कळत नव्हतं, पण लोक श्वास धरून बघतायत हे त्यांना कळलं.

शेवटाकडे पडदाभर बायकोचा चेहरा. मागून मुलीचा आवाज: "बाबांनी कधी हात उचलला?"

मास्तर हसायच्या तयारीत पुढे झुकले. आता ते वाक्य येणार होतं.

चेहरा गप्प राहिला. मग खालच्या मानेने तिने बाजूला कुठेतरी पाहिलं आणि हळूच दोनदा मान हलवली. हो.

पडदा काळा झाला. कुठेतरी कुणी नाक ओढलं. टाळ्या सुरू झाल्या, वाढत गेल्या. मास्तरांना अजून उमगलं नव्हतं. ते वाक्याची वाट बघत होते. समोरच्या ओळीतल्या एका बाईने मागे वळून आधी मास्तरीणबाईकडे बघितलं, मग मास्तरांकडे, आणि पुन्हा पुढे बघितलं. तेव्हा ते वाक्य येणार नाही हे त्यांना कळलं.

दिवे लागल्यावर मुलीच्या मैत्रिणी मास्तरीणबाईभोवती जमल्या. कुणी तिचे हात धरले, एक तर गळ्यातच पडली. मास्तरांशी कुणी बोललं नाही. त्यांच्याभोवती आपोआप जागा झाली.

गाडीत बसल्यावर त्यांनी किल्ली फिरवली नाही. "अगं, तू मान का हलवलीस?"

"मला काय ठाऊक?" मागच्या सीटवरून ती म्हणाली. मग आठवून म्हणाली, "तो पोरगा. काकू, वायर टोचतेय का, म्हणून विचारत होता मध्येच. टोचत होतीच."

"आणि ते हसणं? ते बोलणं?"

"ते कुठे गेलं ते तुमच्या लेकीला विचारा."

लेक दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मास्तरांनी ओरडायचं नाही असं ठरवलं होतं, आणि पहिल्याच वाक्याला ओरडले. खाली शिंप्याचं मशीन थांबलं.

"मी खोटं काहीही जोडलेलं नाही," ती म्हणाली. "एकाच सलग चित्रीकरणातलं आहे. फक्त मधलं काढलं."

"मधलं म्हणजे 'नाही' होतं!"

"'नाही' ती म्हणाली नव्हती. आवाजच पुरतो म्हणाली."

"म्हणजे नाहीच ना!"

"हसत म्हणाली, बाबा. सर म्हणाले, हसण्याने तिचं सगळं दुःख हलकं होतं. आणि खरंच होत होतं. तुम्ही कितीदा बघितलंत ते? मी महिनाभर बघितलंय."

"मग मी मारतो?"

"फिल्ममध्ये तसं कुठे म्हटलंय?"

"सगळ्या सभागृहाला ऐकू आलं, तुला नाही आलं?"

ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही ओरडायला लागलात की मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसायचे. माहितेय तुम्हाला? बादली भरून वाहायची, आणि त्याबद्दलही ओरडा बसायचा."

मास्तरांना माहीत नव्हतं. पाणी फुकट घालवते म्हणून ओरडल्याचं तेवढं आठवत होतं.

"ते दाखवायचं होतंस," ते शेवटी म्हणाले. "ते खरं आहे ना? मग तेच दाखवायचं."

"नळ कसा दाखवणार?"

त्यांनी एवढंच म्हटलं, की आईचं वाक्य परत घाल. तेव्हा तिने फिल्म लॉक झाल्याचं सांगितलं. चित्र एकदा लॉक केलं की त्यावर आवाज, संगीत, सगळं मापून चढवतात. मधे बोटभर काही घातलं तर पुढचं सगळं सरकतं. गुण दिले गेले होते. आणि घालायचं ठरवलं तरी घालणार काय? विभागाच्या डिस्क मोजक्या. तपासणी झाली की पुसून पुढच्या बॅचला देतात. मूळ चित्रीकरण पुसलं गेलं होतं. मास्तरीणबाई हसली होती याचा पुरावा आता फक्त मास्तरीणबाई होती.

मास्तर सरांना भेटले. सर सभ्य होते, उठून खुर्ची दिली.

"मी तुमची अडचण समजू शकतो," सर म्हणाले. "पण असं बघा, फिल्ममध्ये जो आहे तो 'बाबा' आहे. ते एक पात्र आहे. तुम्ही नाही."

"त्या पात्राच्या गाडीवर माझा फोन नंबर आहे, सर."

सरांनी हे टिपून घेतलं. विद्यापीठाच्या वाहिनीवर फिल्म दाखवली गेली तेव्हा नंबर आणि पाटी धूसर केलेली होती. गुन्ह्यांच्या बातम्यांत आरोपीच्या घराची पाटी करतात तशी. गल्लीत गाडी सगळ्यांना माहीतच होती. आता ती लपवावी लागते हेही कळलं.

"लॉक होतं ना?" मास्तरांनी मुलीला विचारलं. "मग हे कसं झालं?"

"ते वरून टाकतात, बाबा. त्याने आतलं हलत नाही."

यानंतर फोन वाजायचे ते वर्ग रद्द करायला. मास्तरीणबाईच घेई. "सध्या जमणार नाही, घरी पाहुणे आहेत." "तिची तब्येत बरी नाही." "यांची बदली होणार आहे." एकीनेही खरं कारण सांगितलं नाही, आणि सगळ्यांचा सूर मास्तरीणबाईशी बोलताना फार मऊ असे. एक जण म्हणाली, "तुम्ही स्वतःला जपा हं." मास्तरीणबाईने फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "सकाळची सातची वेळ मोकळी झाली."

ज्या येत राहिल्या त्यांच्याबरोबर जास्त कठीण होतं. एका कॉलेजच्या मुलीने चुकीचा गिअर टाकला, मास्तर नुसते खाकरले, आणि ती खांदा आक्रसून दाराकडे सरकली. मास्तरांचे हात गुडघ्यांवरच होते. तिने त्या हातांकडे एकदा बघितलंही.

एक वयस्कर नर्स शिकायला येत असे. तिने एकदा गाडी नीट कडेला लावली, इंजिन बंद केलं आणि म्हणाली, "मास्तर, एक बोलू? माणसाच्या हातून होतं. मी वॉर्डात काय काय बघते. आता नाही ना करत? मग झालं. मी कुणाचं ऐकत नाही."

मास्तरांनी तिचे आभार मानले. दुसरं काय करणार होते? घरी येऊन ते बराच वेळ गाडीतच बसून राहिले.

आता सगळं बायकोच्या शब्दावर येऊन ठेपलं होतं. विभागाने आपल्या स्टुडिओत फिल्मवर चर्चेचा कार्यक्रम ठेवला आणि मास्तरीणबाईला बोलावलं, तेव्हा मास्तरांना हुरूप आला. "सरळ सांगून टाक. कॅमेऱ्यासमोर. म्हणजे विषय संपला."

"सांगते की," ती म्हणाली. "त्यात काय?"

मास्तरांना नियंत्रण कक्षात मागच्या बाजूला बसवलं. समोर छोटे पडदे. एकावर बायको, एकावर लेक, एकावर कार्यक्रम चालवणाऱ्या प्राध्यापिका. स्टुडिओत मुलींचा एक गट प्रेक्षक म्हणून बसला होता. प्राध्यापिकाबाईंनी हळुवारपणे विचारलं, "ताई, फिल्ममधल्या त्या शेवटच्या क्षणाबद्दल काही सांगाल?"

"हो," मास्तरीणबाई म्हणाली. आवाज खणखणीत होता. "त्यांनी हात उचललेला नाही कधी. मी मान हलवली ती वायर टोचत होती म्हणून."

नियंत्रण कक्षात मास्तरांनी सुटकेचा श्वास घेतला.

प्राध्यापिकाबाईंनी पुढे होऊन तिचा हात हातात घेतला. "ताई, इथे तुम्हाला कसलीही भीती नाही."

"भीती कसली? सांगतेय ना मी. मारत नाहीत ते. ओरडतात. आवाज मोठा आहे त्यांचा, तेवढाच पुरतो."

"तेवढाच पुरतो," बाईंनी प्रेक्षकांकडे बघत सावकाश म्हटलं. "किती बायका हेच वाक्य बोलतात! किती वर्षं बोलतायत!"

मुलींनी टाळ्या वाजवल्या. एक उभी राहिली, मग सगळ्या उभ्या राहिल्या. पडद्यावर मास्तरीणबाई गोंधळून इकडेतिकडे बघत होती. "अहो, पण..." असं तिने दोनदा म्हटलं, टाळ्यांत ते कुणाला ऐकू आलं नाही.

मास्तर शेजारच्या पडद्याकडे बघत होते. तिथे लेक होती. एकटी तीच आता बोलू शकत होती: वाक्य होतं, मी काढलं. तिने तोंड उघडलंही. त्याच वेळी काचेलगतचा विद्यार्थी ओरडला, "तीन वर जा, तीन! रडतेय ती!" आणि मोठ्या पडद्यावर तिचा ओला चेहरा आला. टाळ्या थांबेपर्यंत तिने तोंड मिटलं होतं. मग तिला प्रश्न विचारला गेला तो प्रकाशयोजनेबद्दल. तिने त्याचं उत्तर दिलं.

पुढे मास्तरीणबाईने नाही म्हणणं सोडून दिलं. "नाही म्हटलं की लोकांना जास्तच दया येते," ती म्हणाली.

"पण गप्प बसलीस की हो म्हटल्यासारखं होतं."

"मग काय करू? नाचू?" भांडी पुसत ती पुढे म्हणाली, "तुम्हाला एवढंच लागलं, की लोक मारतो म्हणतात. ओरडतो असं दाखवलं असतं तर चाललं असतं का हो तुम्हाला?"

मास्तर ओरडले नाहीत. हल्ली ते घरात ओरडतच नसत. ओरडले की खालचं मशीन थांबे आणि त्या थांबण्याचा अर्थ आता वेगळा होता. घरात शांतता आली होती. तिचा दोघांनाही काही उपयोग नव्हता.

बायकांचे वर्ग सुटले ते सुटलेच. गाडीवरची पाटी काढून मास्तर एका मालवाहतूक कंपनीच्या आवारात नव्या ट्रकचालकांना शिकवायला लागले. तिथे सगळे पुरुष. हात कुठे आहेत ते तिथे कुणी बघत नाही. पहिल्याच आठवड्यात एका चालकाने पाठीवर थाप मारून म्हटलं, "मास्तर, तुमची फिल्म पाहिली. घर ताब्यात ठेवलंय म्हणा ना!" मास्तरांनी ट्रकच्या दारात उभं राहून त्याला नको ते ऐकवलं. तो हसत राहिला. त्याने ते दाद म्हणून घेतलं.

मुलीला पदवीला पहिला वर्ग मिळाला, आणि फिल्मच्या जोरावर एका वाहिनीत नोकरीही. नवराबायकोची भांडणं स्टुडिओत सोडवायचा कार्यक्रम होता, त्याच्या संकलनाला तिला बसवलं. दोन तासांचं भांडण वीस मिनिटांत बसवायचं. ती घरी येणं कमी झालं. फोनवर आईशी बोले, बाबांची चौकशी करी.

एका रविवारी सकाळी ती स्वतःचा कॅमेरा घेऊन आली. बारीक झाली होती. उभ्या उभ्याच म्हणाली, "बाबा, मला तुमच्यावर एक फिल्म करायचीय. तुमची बाजू. मी माझ्या तोंडाने सांगेन त्यात, की मी ते काढलं होतं."

मास्तरीणबाई दारात येऊन उभी राहिली.

मास्तर नको म्हणणार होते. पण हे वाक्य त्यांना किती दिवसांपासून हवं होतं! त्यांनी आत जाऊन शर्ट बदलला.

मुलीने खुर्ची खिडकीशी लावली, माइक स्वतः लावला. "वायर टोचतेय?"

"नाही."

"मान हलवू नका. बोला." ती कॅमेऱ्यामागे गेली. "सुरू करते. बाबा, तुम्ही आईवर कधी हात उचललात?"

"नाही."

तिने कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते पुन्हा बघितलं. "परत एकदा घेऊ या. इतक्या पटकन नका म्हणू. खोटं वाटतं."

"खरं आहे ते."

"मला माहितेय, बाबा. पण दिसताना तसं दिसत नाही. प्रश्न संपला की एक श्वास घ्या. मग म्हणा."

मास्तरांनी श्वास घेतला. "नाही."

"आता विचार करून उत्तर दिल्यासारखं झालं. आणि डोळे खाली गेले. लोक म्हणतील, बघा, डोळे चुकवतोय. माझ्याकडे बघा."

तिसऱ्यांदा त्यांनी तिच्याकडे बघितलं. "नाही."

"हे रागावल्यासारखं आलं."

"अगं, त्यांना येईल तसं बोलू दे की," दारातून मास्तरीणबाई म्हणाली.

"येईल तसं चालत नाही, आई. मी रोज बघते. एवढ्याशा गोष्टीवरून माणूस गुन्हेगार दिसतो." ती हे मनापासून करत होती. त्याबद्दल मास्तरांना शंका नव्हती. "बाबा, जरा मऊ. वर्गात बायकांशी बोलायचात ना, तसं."

मास्तरांनी तसं म्हणून पाहिलं. मग जरा सावकाश. मग 'कधीच' हा शब्द जोडून, आणि तो बरा नाही वाटला म्हणून काढून. खिडकीतलं ऊन त्यांच्या अंगावरून सरकून भिंतीवर गेलं. मुलीने खुर्ची सरकवली आणि ते उठून पुन्हा बसले. मास्तरीणबाई केव्हा आत निघून गेली ते दोघांनाही कळलं नाही. कितव्यांदा तरी मास्तरांनी श्वास घेतला, डोळे न हलवता, मऊ, खालच्या पट्टीत म्हटलं, "नाही," आणि मुलीने मान वर करायच्या आत स्वतःच विचारलं, "आता कसं आलं?"